दोन बोटं माया

दौलतगंजात नसीर मास्टरांच्या वहीत
माझं एक पान आहे, तेहतीस वर्षांचं.
सगळ्यात वर, पेन्सिलीने:
शितोळे मैडम, खो-खो वाली. सीना बत्तीस.
खाली तारखा, आकडे, खोडलेले, पुन्हा लिहिलेले.
एका जागी चहा सांडलाय,
त्यात माझं एक अख्खं वर्ष पुसलं गेलंय.
आई अंथरुणाला होती ते. बरंच झालं.

चौतीस. छत्तीस. लगेच अडतीस.
सासूबाई डिंकाचे लाडू मोजून देत नव्हत्या
आणि मी मोजून खात नव्हते.
चूक कुणाचीच नाही, भूक होती.
मग पुन्हा छत्तीस:
मुरारच्या शाळेत रुजू झाले, गळ्यात शिट्टी,
पोरींच्या मागे धावताना, खांबाला वळसा घेताना
अंगाला आपोआप कळायचं
आपण कुठे संपतो ते.

एकदा, फक्त एकदा, परत बत्तीस.
चाळीस दिवस काकडी आणि ताक.
घरचे, शेजारचे, स्टाफरूममधले, सगळे म्हणाले, वा!
मास्टरांनी टेप दोनदा लावली.
"तबीयत तो ठीक है ना, दीदी?"
जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी यायची
हे तोवर कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर थायरॉइड. त्यानंतर पाळी जाणं.
रात्री दोनला पंख्याखाली घामेजून बसणं,
काही न खाताही चढत जाणारं पोट.
चाळीस, लिहिलंय वहीत,
आणि त्याखाली एक छोटी रेघ,
जणू मास्टरही जरा थांबले असावेत.

आता पहाटे उरवाईच्या बाजूने किल्ला चढते.
सोबत उषा भदौरिया. तिचं घड्याळ तिला
दहा हजार पावलं मागतं.
माझा डावा गुडघा मला सांगतो, बास.
आम्ही दोघी दोघांचंही ऐकतो, जमेल तेवढं.
धुक्यात कातळातले तीर्थंकर उभे असतात,
पाचशे वर्षं, ना तोळा वाढले ना मासा घटले.
त्यांना माझा नमस्कार.
पण मी दगड नाही बाई,
काल मुरैन्याची गजक खाल्ली,
उद्याही खाईन, संक्रांत आहे.
आणि परवा चढेन.
वजनकाटा आहे घरात, पलंगाखाली,
त्याच्यावर मुलाच्या दहावीच्या वह्या.
त्यांचं वजन अगदी स्थिर आहे.

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड,
मास्टर त्याला दाब म्हणतात.
"दो उँगल दाब छोड़ दी है, दीदी."
आमच्यात त्याला माया म्हणतात.
कापड तेच, दोन बोटं.
वाढले तेव्हा त्यांनी ते उसवून दिलं,
उतरले तेव्हा परत आत घेतलं,
एका शब्दाने विचारलं नाही की का.
हिरवी चंदेरी अजून अंगाला येते ती त्यामुळे.
आरशात, लग्नकार्यात, डॉक्टरांच्या टेबलासमोर
मला दाब खूप मिळाला.
माया कुठे मिळाली ते सांगितलं.

परवा गेले. मास्टरांना आता सुईचं नाक दिसत नाही.
त्यांची सून नगमा माप घेते, मोबाइलवर टिपते.
"सैंतीस," ती म्हणाली. "फिटिंग टाइट रखूँ, मैडम?
आजकल सब वही माँगते हैं."
कोपऱ्यातून, मान न वळवता, मास्टर:
"उनकी दाब छोड़ना."

मी म्हटलं, नगमा, वहीत पण लिही.
तिने वही काढली, धूळ झटकली.
पान भरलेलं होतं, कडेपर्यंत.
मग तिने हिशेबाचा एक पाठकोरा कागद घेतला
आणि खाली चिकटवला, खळीने,
जरा तिरकाच.